‘एवढं सगळं असून तुला दुःख कसलं?’ : नैराश्य कशाकशातून येतं

घरात कुणाला नैराश्य आलं की प्रश्न ठरलेले असतात. आधी ‘काय झालं?’ आणि त्याचं पटण्यासारखं उत्तर मिळालं नाही की ‘तुला कमी तरी काय आहे?’ नोकरी गेली, लग्न मोडलं, कुणी वारलं, असं काही सापडलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. नाही सापडलं तर माणसाच्या वाट्याला ‘नाटकं’, ‘आळस’, ‘मनाचे खेळ’ हे शब्द येतात.

भिंतीला ओल आली की जाणता गवंडी नुसत्या डागाकडे बघून निकाल देत नाही. तो गच्चीवर जातो, पलीकडे न्हाणीघर आहे का विचारतो, पाइप कुठून गेलाय ते बघतो. पाणी एकीकडून शिरतं आणि डाग भलतीकडेच उठतो. गळती थांबली तरी कपाट चिकटून ठेवलं असेल तर भिंत महिनोन्‌महिने वाळत नाही. नैराश्याबद्दलही असेच तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: भिंत आधीपासून कच्ची कशाने होती, या वेळी पाणी कुठून शिरलं, आणि अजून वाळत का नाही. मानसोपचारतज्ज्ञ माहिती घेतात ती साधारण याच तीन रकान्यांत. घरचे लोक मधल्या रकान्यावरच अडून बसतात. उपचाराला मात्र सगळ्यांत जास्त वाव तिसऱ्यात असतो.

आधी, हे नैराश्यच आहे का?

निदानाचा ठोकताळा असा: मन उदास किंवा रिकामं वाटणं आणि कशातच रस न उरणं, या दोहोंपैकी किमान एक लक्षण हवं. त्याच्या जोडीला भूक किंवा वजन बदलणं, झोप बिघडणं, हालचाली मंदावणं किंवा उलट नुसत्या येरझारा घालणं, अंगात त्राण नसणं, आपण कुचकामी आहोत किंवा आपलंच चुकलं असं वाटत राहणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार येणं. या नऊपैकी किमान पाच लक्षणं, दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे, आणि त्यामुळे कामात किंवा घरात अडायला लागलेलं.

आपल्याकडे माणूस डॉक्टरांना यातलं फारसं काही सांगत नाही. ‘अंग दुखतं’, ‘डोकं जड होतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘टेन्शन येतं’ असं सांगतो, आणि मग ईसीजी निघतो. म्हणून पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली कामाची आहे. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं. शेवटचा, मरणाच्या विचारांचा प्रश्न शून्य नसेल तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलावं. पण ही प्रश्नावली म्हणजे थर्मामीटर आहे. ताप किती ते कळतं, कशाचा ते नाही.

शरीरातून शिरणारं पाणी

हे आधी तपासायचं, कारण यातलं बरंचसं साध्या रक्ततपासणीत सापडतं. हिमोग्लोबिनसकट रक्ताची मोजणी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी12 जीवनसत्त्व, साखर, गरजेप्रमाणे सोडियम, यकृत आणि मूत्रपिंड. बहुतेक गावांतल्या लॅबमध्ये एवढं होतं.

थायरॉइड मंदावला की माणूस थकतो, झोपाळू होतो, वजन वाढतं, बद्धकोष्ठ होतं, थंडी सहन होत नाही, विचारही चिखलातून चालल्यासारखे होतात. टीएसएच साधारण 0.4 ते 4 च्या दरम्यान असावा. तो 10 च्या वर असेल तर औषध लागतंच. घोळ होतो तो अधल्यामधल्या आकड्यांवर. टीएसएच 6 आला, टी4 (थायरॉइडचं मूळ हार्मोन) नॉर्मल आहे, गोळी सुरू झाली, आणि सगळे ‘थायरॉइड निघाला’ म्हणून निर्धास्त झाले. एवढ्याशा फरकाने नैराश्य आलं असण्याची शक्यता कमी असते आणि त्या गोळीने मन क्वचितच सुधारतं, पण खरा शोध तिथेच थांबतो. आणखी एक: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टीएसएचचा आकडा चुकीचा येऊ शकतो. तपासणीआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि लॅबला सांगावं.

बी12 हा शाकाहारी घरांचा विषय. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ‘ॲसिडिटीची उपाशीपोटी घ्यायची’ गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर कमतरतेची शक्यता चांगलीच वाढते, कारण दोन्हींमुळे बी12 चं शोषण घटतं. 200 पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, 200 ते 300 संशयास्पद. पायाला मुंग्या, जीभ सोलल्यासारखी, विसरभोळेपणा हे सोबत असेल तर जास्तच. इथे नेहमीची चूक म्हणजे ‘अशक्तपणा’ म्हणून आधी चार इंजेक्शनं टोचायची आणि मग रक्त द्यायचं. मग आकडा भरघोस येतो आणि काहीच कळत नाही. रक्त आधी, इंजेक्शन नंतर.

घोरणारा, दिवसा गाडी चालवताना पेंगणारा माणूस उदास असेल तर झोपेत श्वास अडकतोय का ते बघायला हवं. मधुमेह, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, पार्किन्सन्स यांच्यासोबत नैराश्य इतक्यांदा येतं की ‘एवढा आजार झाल्यावर वाईट वाटणारच’ म्हणून ते सोडून देणं चूक आहे. ते नैराश्य बरं होतं, आणि ते बरं झालं की मूळ आजाराची औषधंही नीट घेतली जातात.

आता औषधं. जास्त मात्रेतलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मन पार हलवू शकतं, कधी उदासीकडे तर कधी उन्मादाकडे. मायग्रेन आणि चक्करसाठी आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं फ्लुनारिझिन, फिट्ससाठीचं लेव्हेटिरासेटाम, दमा-ॲलर्जीचं मॉन्टेलुकास्ट, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगातलं सायक्लोसेरीन, यांच्याबाबत मनावरच्या परिणामांची नोंद आहे. मॉन्टेलुकास्टवर तर अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये चौकटीतला इशारा छापायला लावला. गोळी कधी सुरू झाली आणि मन कधी बिघडलं, या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहून बघा. जुळत असतील तर डॉक्टरांना दाखवा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं, फिट्सची गोळी तोडली तर फिट येऊ शकते.

दारूचं गणित उलटसुलट आहे. माणूस म्हणतो, उदास वाटतं म्हणून पितो. काही अंशी खरंही असतं. पण रोजची दारू स्वतःच नैराश्य तयार करते, आणि दारू पूर्ण सुटल्यावर तीन-चार आठवड्यांत ते पुष्कळदा आपोआप ओसरतं. महिन्यानंतरही राहिलं तर ते स्वतंत्र धरून उपचार करायचा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एका झटक्यात सोडायची नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत थरथर, फिट, भ्रम असं होऊ शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’

हे वाक्य इतकं रुळलंय की त्याची जन्मकथा सांगायला हवी. तिचा एक धागा मुंबईत आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे मांडलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा या औषध कंपनीत त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरलं जाऊ लागलं. मग बातम्या येऊ लागल्या की रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात. रेसर्पिनने मेंदूतलं सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन घटतं हेही कळलं. नेमकं त्याच सुमारास, 1952 मध्ये, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं तर काही जण चक्क उल्हसित झाले. ते औषध हीच रसायनं टिकवून ठेवतं. घटलं की उदास, वाढलं की उत्साही. दोन आणि दोन चार.

पण त्या चारात खोट होती. 1955 मध्ये लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांना रेसर्पिन दिलं आणि खोट्या गोळीशी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) तुलना केली, तर रेसर्पिनवाल्यांना उलट बरं वाटलं. त्या निबंधाकडे फारसं कुणी बघितलं नाही. पुढे आलेल्या एसएसआरआय गटातल्या नैराश्याच्या गोळ्या सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत दाखवतात, मन उचललं जायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. नुसता तुटवडाच असता तर भरपाई झाल्याझाल्या फरक पडायला हवा होता. 2022 मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी तोवरचे पुरावे एकत्र पाहिले, तेव्हा ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ याला सातत्याने आधार सापडला नाही.

मग गोळ्या फोल का? नाही. प्लास्टरने हाड सांधतं म्हणून प्लास्टरच्या कमतरतेने ते मोडलं होतं, असं कुणी म्हणत नाही. 2018 मध्ये 522 चाचण्या एकत्र करून 21 गोळ्या तपासल्या गेल्या, तेव्हा प्रौढांमध्ये सगळ्याच खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या. कुणाला फार फरक पडतो, कुणाला जेमतेम. चालू गोळी हा लेख वाचून थांबवायची नाही. अचानक सोडली की चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, चिडचिड असा त्रास होतो. कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने.

भिंत कच्ची कशाने

आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांतून सुमारे 37 टक्के निघाला. याचा अर्थ 100 पैकी 37 जणांचं नैराश्य घराण्यातून येतं असा नाही, किंवा तुमच्या नैराश्यातला 37 टक्के भाग आजीचा असाही नाही. लोकालोकांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला एवढा हिस्सा जनुकांमधल्या फरकाने समजावता येतो, इतकंच. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला असेल तर धोका दुपटीतिपटीने वाढतो. तरीही अशा घरांतल्या अनेकांना ते कधीच होत नाही. ‘नैराश्याचं जनुक’ म्हणून पूर्वी गाजलेली नावं 2019 च्या मोठ्या पडताळणीत टिकली नाहीत. त्याच वर्षीच्या, आठ लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासात नैराश्याशी जोडलेल्या जनुकसंचातल्या 102 जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यामुळे थुंकीची नळी पाठवून ‘डिप्रेशनचा धोका’ सांगणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नयेत.

बालपणीची मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, यांनी भिंत कच्ची होते यात शंका नाही. वयात आल्यापासून बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे, आणि त्यामागे नुसते हार्मोन्स नाहीत.

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास 1978 मध्ये मांडला, तो आजही वाचण्यासारखा आहे. मोठा आघात झालेल्या बायकांपैकी कोण कोसळतं? जिची आई ती 11 वर्षांची होण्याआधी गेली, जिच्या पदरात 14 वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं आहेत, जी बाहेर काम करत नाही, आणि जिला मनातलं बोलायला जवळचं माणूस नाही. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यांत वजनदार होता. माणसं भरपूर असलेल्या घरातही बोलायला कुणी नसू शकतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या वेळी काय घडलं

सगळे आघात सारखे नसतात. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की नुसत्या नुकसानापेक्षा अपमान आणि कोंडी माणसाला जास्त खचवतात. कर्ज होतं ते दोन वर्षं सोसलं, पण वसुलीवाला दारात येऊन चारचौघांत बोलला आणि त्या दिवसापासून झोप गेली, हे त्यामुळेच. ज्या संसारातून किंवा नोकरीतून बाहेर पडता येत नाही आणि आत राहवतही नाही, तिथेही हेच. प्रिय माणूस गेल्याचं दुःख लाटांसारखं येतं, मधेच आठवणीने हसूही येतं, आणि माणसाला स्वतःची किळस येत नाही. नैराश्यात दिवस सपाट असतो आणि ‘मीच टाकाऊ’ हा सूर असतो.

बाळंतपणाचा वेगळा विचार करायला हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. नाही निवळलं तर ते नैराश्य. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या 78 टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेलं नातं ही मोठी कारणं. बाळ मुलगा की मुलगी यानेही फरक पडत होता, आणि मारहाण, उपासमार यांचा परिणाम त्यानुसार बदलत होता. म्हणजे ‘हार्मोन्समुळे होतं’ म्हणून सासरच्यांनी हात झटकायचं कारण नाही.

थंड देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी जाता जाता: दर नोव्हेंबरमध्ये झोप आणि गोड खाणं वाढून मन बसत असेल आणि वसंतात आपोआप उठत असेल, तर ते ऋतूशी जोडलेलं नैराश्य असू शकतं. त्यावर सकाळी अर्धा तास 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा हा उपाय आहे, पण तो डॉक्टरांना विचारून.

आणि काहीच घडलं नसेल तर? पहिल्या खेपेला बहुतेकदा काही निमित्त सापडतं. पुढच्या खेपांना निमित्त लहान-लहान होत जातं, कधी नसतंच. एकदा येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पुन्हा येतं. तिसऱ्या खेपेच्या माणसाला ‘आता काय झालं?’ विचारण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

वाळत का नाही

एक नमुना घेऊ, कल्पनेतला, पण यातले तपशील दवाखान्यात रोज भेटतात. वय 54, शाकाहारी, नऊ वर्षं मेटफॉर्मिन, सोबत ॲसिडिटीची गोळी. वडील ‘शेवटी शेवटी कुणाशी बोलत नसत’. कंपनीने सक्तीने स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली, तीही ज्युनिअरसमोर. हे दोन रकाने झाले. आता तिसरा: पूर्वी साडेपाचला उठून फिरायला जायचे. आता पहाटे चारला जाग येते, आठपर्यंत लोळतात आणि डोक्यात तीच मीटिंग फिरत राहते. फिरणं बंद, म्हणून कट्ट्यावरचे चौघे भेटत नाहीत. भेटत नाहीत म्हणून ‘कुणी फोनसुद्धा करत नाही’. दुपारी दोन तास झोप, म्हणून रात्री झोप नाही, म्हणून दोन पेग. पेगने डोळा लागतो आणि पुन्हा चारला उघडतो. बायको वैतागून म्हणते, ‘जरा बाहेर पडा.’ ते पडत नाहीत, आणि ‘मला एवढंही जमत नाही’ याची भर पडते.

यांतलं वडिलांचं काही बदलता येत नाही, कंपनीचंही नाही. बी12 एका आठवड्यात सुरू करता येतं. फेऱ्याची एक कडी तोडली तरी तो ढिला होतो, आणि ‘बरं वाटलं की फिरायला जाईन’ हा क्रम उलटा करावा लागतो: आधी पाऊल, मग मन. रोज एकाच वेळी उठायचं, दुपारची झोप वीस मिनिटांवर, सकाळी दहा मिनिटं फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं. अर्धा तास ठरवला की तिसऱ्या दिवशी मोडतो आणि अपयशात जमा होतो. एका माणसाला दिवसाआड एक फोन. पेगबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने. गोव्यातच याच तत्त्वावर एक कार्यक्रम आखला गेला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. 2017 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तीन महिन्यांनी अशा बैठका मिळालेल्यांपैकी 64 टक्के, आणि नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के लोक पीएचक्यू-9 वर 10 च्या खाली आले होते. बैठकांत भर होता तो हाच: काय करणं सुटलंय, आणि त्यातलं सगळ्यांत लहान काय पुन्हा धरता येईल.

डॉक्टरांकडे जाताना

मरणाचे विचार येत असतील तर आधी तपासण्या, मग डॉक्टर असा क्रम लावू नका. टेली-मानस, 14416, हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपण सांगायची. पूर्वी कधी सलग चार-पाच दिवस किंवा जास्त, फार कमी झोपूनही थकवा नाही, बोलणं सुसाट, खर्च उधळपट्टीचा, असं झालं होतं का? झालं असेल तर हे नैराश्य द्विध्रुवी (बायपोलर) आजारातलं, म्हणजे कधी उदासी तर कधी उन्माद येणाऱ्या आजारातलं, असू शकतं. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन उलट टोकाला जाऊ शकतं. ही गोष्ट रुग्णापेक्षा बायकोला किंवा आईला जास्त चांगली आठवते, म्हणून सोबत जाणाऱ्याने ती सांगावी.

कागदावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढा. एका बाजूला महिन्यावार घडामोडी: बदली, बाळंतपण, भांडण, आजारपण. दुसऱ्या बाजूला मन, झोप, भूक कधी बदलली. चालू औषधांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका, त्यात आयुर्वेदिक पुड्या आणि जिमच्या पावडरचा डबाही. ‘ती सकाळची छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुठल्याच डॉक्टरला काही कळत नाही.